पहिले चार किलो

“वजन करू का?” सिस्टरने विचारलं.

“नको म्हटलं तर?” मिस्त्री बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाले.

“तर नाही करणार. नुसतं बोलत बसू.”

गेले आठ मंगळवार हे असंच चाललं होतं. परवानगी घेतल्याशिवाय कुणालाही काट्यावर उभं करायचं नाही, हा सिस्टरच्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा. माणसाला काट्याकडे पाठ करून उभं करायचं आणि त्याने विचारला तरच आकडा सांगायचा, हा दुसरा. मिस्त्री इमानेइतबारे पाठ करत आणि आकडा स्थिर व्हायच्या आत मान वळवून बघत. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला यंत्राकडे पाठ करून उभं राहवत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

आज आकडा एकशे पाच किलो नऊशेवर थांबला. गेल्या मंगळवारी तो एकशे आठच्या वर होता. एका आठवड्यात जवळजवळ अडीच किलो. सिस्टरने वहीत आकडा लिहिला, त्याखाली लाल पेनाने रेघ ओढली, आणि तिला इतका आनंद झाला की तो लपवायला तिने उगाचच पेनाचं टोपण शोधलं.

मिस्त्रींना आकड्याचं कौतुक नव्हतं. त्यांना दुसरंच काहीतरी सांगायचं होतं आणि ते बूट परत घालेपर्यंतही त्यांना दम निघत नव्हता. काल ते वर जाऊन आले होते. जुन्या इमारतीत लिफ्टचं मशीन सगळ्यात वरच्या मजल्याच्या छताआड असतं. तिथे जायला एक लोखंडी शिडी आणि छतात एक चौकोनी दार, दोन फूट बाय दोन फूट. दोन वर्षांपूर्वी मिस्त्री त्या दारात अडकले होते. कंबरेपासून वरचा भाग वर, खालचा खाली. हाताखालच्या दोन पोरसवदा मेकॅनिकांनी त्यांना पाय धरून ओढून काढलं, आणि आठवडाभरात ही गोष्ट कंपनीभर झाली. साहेब सभ्य माणूस, हसला नाही. त्याने मिस्त्रींना कचेरीत तक्रारींच्या फोनवर बसवलं. तेव्हापासून मिस्त्री लोकांच्या बंद पडलेल्या लिफ्ट टेलिफोनवरून ऐकत होते.

“काल साहेबाला म्हटलं, एकदा बघू द्या. शिडी चढलो, हात वर घातले, आणि अख्खा वर. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नाही.” मिस्त्रींचे डोळे भरून आले होते. “सिस्टर, मशीनचं तेल नाकात गेलं ना, असं वाटलं घरी आलो.”

सिस्टरचेही डोळे भरले. अभ्यासक्रमात याला काय म्हणतात ते तिला पाठ होतं. आकडा हे ध्येय नव्हे, माणसाला आयुष्यात काय परत हवंय ते ध्येय. पण वर्गात शिकलेली गोष्ट अशी समोर उभी राहते तेव्हा पाठांतर कुणाला आठवतं.

मिस्त्री गेल्यावर मार्गदर्शक मॅडम आत आल्या. त्यांनी फाइल उभ्याउभ्या चाळली, सही केली आणि अंतिम परीक्षेला हाच रुग्ण मांडायचा असं सांगितलं. बारा आठवडे पूर्ण झाले की परीक्षक बसणार होते. म्हणजे अजून तीन मंगळवार. मग पदविका, आणि याच दवाखान्यात कोपऱ्यातली खोली, दारावर पाटी, आणि बसून करायचं काम.

बसून करायचं काम ही सिस्टरच्या दृष्टीने फार मोठी चीज होती. सत्तेचाळीस वर्षांचं वय, बावीस वर्षं वॉर्डात पेशंट उचलून झिजलेले गुडघे आणि स्वतःचं वजन एक्याण्णव किलो. लठ्ठपणा आणि वजन व्यवस्थापन या विषयाच्या पदव्युत्तर वर्गात ती पहिल्या दिवशी शिरली तेव्हा तिला पाहून एका मुलाने उठून खुर्ची दिली आणि विचारलं की रुग्णाची प्रात्यक्षिकं आजच आहेत का. ती म्हणाली, प्रात्यक्षिकं उद्या आहेत, आज मी विद्यार्थिनी आहे. वर्गातल्या एकोणीस जणांत तीच सर्वांत मोठी आणि सर्वांत जड. एकदा सगळ्यांना बारा किलोची जाकिटं घालून जिना चढायला लावला, म्हणजे जाड माणसाला काय होतं ते कळावं. तिच्यापुढे जाकीट आलं तेव्हा तिने ते पुढच्याकडे सरकवलं. “माझं मी घरून आणलंय,” असं ती म्हणाली आणि त्या दिवसापासून वर्ग तिचा झाला.

खरं तर ती या वाटेला लागली ती एका कानदुखीमुळे. पाच वर्षांपूर्वी तिचा कान ठणकत होता. ती डॉक्टरांकडे गेली, आणि त्यांनी कानात डोकावायच्या आधी तिला वजन कमी करायला सांगितलं. कानात पू झाला होता. जाड माणूस दारातून आला की लोकांना आधी त्याची चरबी दिसते आणि मग माणूस, तोही वेळ उरला तर, हे तिने वर्गात उभं राहून सांगितलं होतं. मॅडमना ते इतकं आवडलं की दुसऱ्या तुकडीतल्या मुलांनाही त्या ‘कानाची गोष्ट’ सांगू लागल्या.

बुधवारी संध्याकाळी तिच्या लेकीने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. परीक्षकांसमोर दाखवायचा आलेख ती काढून देणार होती. लेक कॉलेजात शेवटच्या वर्षाला, आणि गेलं वर्षभर घरात आई आणि मुलगी अशा दोन परीक्षार्थी असल्यामुळे स्वयंपाकाची जबाबदारी कुणाचीच नव्हती. सिस्टरने वहीतून आकडे वाचले, लेकीने टाइप केले, आणि पडद्यावर रेघ उमटली.

लेकीने रेघेच्या वळणावर बोट ठेवलं.

“आई, पाचव्या आठवड्यानंतर तू या काकांना काय केलंस?”

“काय केलं म्हणजे?”

“आधी बघ, हळूहळू उतरतेय. पाच आठवड्यांत चार किलो. आणि इथून पुढे चार आठवड्यांत साडेआठ. जिन्यावरून पाय घसरल्यासारखी.”

सिस्टरने चष्मा लावला. वहीत ते आकडे एकेका पानावर होते, एकेका मंगळवारचे, आणि प्रत्येक मंगळवार आपापल्या जागी चांगला होता. सगळे एकाखाली एक तिने प्रथमच पाहिले. वजन उतरायला लागलं की काही आठवड्यांनी शरीर अडून बसतं, भूक वाढवतं, रेघ आडवी होत जाते, हे तर पहिल्या सत्रात शिकवलेलं. वर्गातल्या प्रत्येकाच्या रुग्णाची रेघ आडवी झाली होती आणि प्रत्येक जण रडत होता. एकट्या तिची रेघ खाली चालली होती. त्याचा तिला गुपचूप अभिमान वाटत आला होता, तो एका क्षणात उतरला.

तिने वही पहिल्यापासून वाचली. दुसरा आठवडा: भुकेने चिडचिड, बायकोशी भांडण. तिसरा: शेजारच्याने डबा उघडला की उठून बाहेर जातात. पाचवा: स्वप्नात जेवण दिसतं. सहावा: भुकेवर ताबा, उत्तम. सातवा: अर्धं ताट स्वतःहून परत, शाबासकी दिली. आठवा: साखर वाढलेली, बहुधा तपासणीत चूक. पाठ दुखते, दिवसभर खुर्चीत बसल्यामुळे. प्रत्येक पानावर तिचंच वळणदार अक्षर आणि खाली लाल रेघ. वजन उतरतंय आणि साखर चढतेय, हे वॉर्डातल्या कुठल्याही पेशंटच्या कागदावर दिसलं असतं तर तिने डॉक्टरांना जेवणावरून उठवून आणलं असतं. इथे तिने चूक तपासणीच्या माथी मारली होती.

ती उठली. धुतलेली भांडी परत धुतली. मग ओटा पुसला, मग टेबल पुसायला घेतलं तेव्हा लेकीने लॅपटॉप उचलून धरला आणि आईला काय झालंय ते विचारलं. काही नाही, असं तिने सांगितलं. साडेसातला तिने मिस्त्रींच्या घरी फोन लावला. त्यांची बायको म्हणाली, ते झोपले. हल्ली लवकर झोपतात, दमतात ना. आणि तुमचे किती उपकार सांगू, सिस्टर, माणूस नवा करून दिलात. सिस्टरने फोन ठेवला आणि पुन्हा ओट्याकडे वळली.

मग तिच्या मनात तो विचार आला. अजून तीनच मंगळवार. आपण डॉक्टर नाही. कदाचित माणसाने खरंच मनावर घेतलं असेल. बारा आठवडे होऊ देत, परीक्षा होऊ दे, मग सावकाश तपासण्या सांगू. विचार येऊन गेला तो काही फार वेळ थांबला नाही, पण तो आला होता, आणि त्यात पाटी लावलेली कोपऱ्यातली खोली स्पष्ट दिसली होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली. तिथेही उभं राहवेना, म्हणून परत आत आली.

गुरुवारी सकाळी तिने ड्यूटी बदलून घेतली आणि मिस्त्रींच्या कचेरीत फोन केला. मिस्त्री आता फोनवर नसतात, पलीकडचा आवाज म्हणाला, ते साइटवर आहेत. पत्ता घेऊन ती त्या इमारतीपाशी पोचली. लिफ्टच्या दारावर ‘काम चालू’ची पाटी लटकत होती आणि काम सातव्या मजल्यावर होतं.

ती जिना चढली. दुसऱ्या मजल्यावर गुडघ्यांनी कुरकूर केली, चौथ्यावर तिने कठड्याला धरून शंभर आकडे मोजले, पाचव्यावर एका म्हातारीने दार उघडून तिला पाणी दिलं आणि लिफ्टवाल्यांना दोन शिव्या दिल्या. सातव्या मजल्यावर शिडी उभी होती. वरच्या चौकोनातून उजेड येत होता आणि मिस्त्री आत काहीतरी गुणगुणत होते.

“मिस्त्री,” तिने हाक मारली, “जरा खाली येता का?”

त्या चौकोनातून आधी बूट आले, मग पाय, मग अख्खे मिस्त्री, कुठेही न घासता. तिला धापा टाकताना पाहून त्यांनी हातरुमालाने जिन्याची पायरी झटकली आणि तिला बसवलं. स्वतः एक पायरी खाली बसले. परीक्षा आज साइटवरच आहे का, असं त्यांनी हसत विचारलं. उजेडात त्यांचा चेहरा तिने नीट पाहिला. मंगळवारी तिला तो सडपातळ वाटला होता.

“काल दिवसभरात काय खाल्लंत?”

“तुम्ही दिलेल्या तक्त्याप्रमाणेच. त्याहून कमी.”

“भूक लागते?”

मिस्त्री हातातला पाना एका तळहातावरून दुसऱ्यावर घेत राहिले. सिस्टरने वाट पाहिली. गप्प बसून वाट पाहायची, हेही अभ्यासक्रमात शिकवलं होतं, पण एवढं जड गप्प बसणं तिने कधी केलं नव्हतं.

“खरं सांगू? महिना झाला, अन्नाचा वासच नको वाटतो,” मिस्त्री म्हणाले. “चार घास गेले की पोट भरतं. पाठीत इथून आरपार दुखतं. झोपलो की जास्त.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं होतं एकदा. ताट परत जातं म्हणालो. तुम्ही एवढ्या खूश झालात, टाळ्या वाजवल्यात.” ते जरा ओशाळले. “मग म्हटलं, असंच असतं वाटतं. जमलं म्हणजे असंच वाटत असेल. आणि तुमची परीक्षा होती.”

सिस्टरला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. कानाची गोष्ट वर्गभर सांगणाऱ्या बाईने समोरच्या माणसाची चरबीच पाहिली होती. फक्त ती कमी होताना पाहिली, एवढाच फरक. आणि तो बिचारा तिचं मन मोडू नये म्हणून आजार लपवत होता. तिने त्यांना सांगितलं की आजच तिच्याबरोबर हॉस्पिटलात यायचं. मिस्त्रींनी आधी उद्यावर टाकलं, मग सोमवारवर.

“आता कुठे वर जायला लागलोय, सिस्टर. चार दिवस नाही झाले. लगेच सुट्टी मागू? साहेब म्हणेल, याला फोनवरच बसवा.”

“मिस्त्री, मी कधी तुमच्यावर जबरदस्ती केली?”

“नाही.”

“आज करतेय.”

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. मग ते उठले, वर जाऊन हत्यारं आवरली, चौकोनी दार लावून घेतलं आणि लिफ्ट चालू करून दिली. खाली जाताना त्यांनी तिला जिना उतरू दिला नाही.

तपासण्यांना सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत सिस्टरने घरातली सगळी कपाटं आवरली, वॉर्डात दोघींच्या वाटचं काम केलं आणि लेकीशी विनाकारण दोनदा भांडली. मंगळवारची वेळ आली तेव्हा ती सवयीने दवाखान्यात जाऊन काट्याच्या खोलीत बसून राहिली. बुधवारी अहवाल आला. स्वादुपिंडात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली. महिनाभर आधी कळलं असतं तर, असं तिने डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, कदाचित काहीच फरक पडला नसता, असं ते म्हणाले. त्यातला ‘कदाचित’ तेवढा ती घरी घेऊन आली.

मॅडमनी फाइल मागवली. नऊही पानांवर त्यांच्या सह्या होत्या. त्या बराच वेळ पानं उलटत बसल्या आणि शेवटी म्हणाल्या की सह्या मीही न वाचताच केल्या, हे मी परीक्षकांना लिहून कळवते. मग त्यांनी नियम सांगितला, तोही मान खाली घालून. बारा आठवडे पूर्ण न झालेला रुग्ण धरता येत नाही. नवा रुग्ण, नवे बारा आठवडे, परीक्षा पुढच्या तुकडीबरोबर. कोपऱ्यातली खोली तोवर कुणा दुसऱ्याला जाणार, हे त्यांनी सांगितलं नाही, सिस्टरने विचारलंही नाही.

शुक्रवारी ती वही घेऊन हॉस्पिटलात मिस्त्रींना भेटायला गेली. वही कशाला घेतली, हे तिला स्वतःलाही कळलं नव्हतं. मिस्त्री खाटेवर उशीला टेकून बसले होते. डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांच्या बायकोने सिस्टरकडे पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली. तिचं बरोबरच होतं. सिस्टर खुर्ची ओढून बसली आणि माझं चुकलं, असं तिने सरळ सांगून टाकलं. मला दिसायला हवं होतं. मी आकड्याच्या आनंदात राहिले.

मिस्त्रींनी हात हलवून ते बाजूला सारलं. त्यांच्या डोक्यात दुसराच घोळ चालला होता, आणि तो दोन दिवस त्यांना झोपू देत नव्हता, असं त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

“एक विचारू? खरं सांगाल?”

“खरंच सांगेन.”

“म्हणजे ते मी नव्हतंच केलं? ते सगळं या आजाराने केलं?” त्यांचा आवाज खाली गेला. “मी आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट मनावर घेऊन पुरी केली असं वाटलं होतं. साहेबाला सांगितलं. घरी सांगितलं. मुलीला पत्र लिहिलं. ते काय, उगाचच?”

त्यांची बायको खिडकीतून वळली. सिस्टरला चटकन म्हणता आलं असतं की नाही हो, सगळं तुमचंच. तिने तसं म्हटलं नाही. तिने वही उघडली, चष्मा लावला आणि त्यांच्यासमोर पान धरलं.

“सगळं नाही,” ती म्हणाली. “हे बघा. दुसरा आठवडा. भुकेने चिडचिड, बायकोशी भांडण. तिसरा. शेजारच्याने डबा उघडला की उठून बाहेर जातात. पाचवा, स्वप्नात जेवण दिसतं. तुम्हाला भूक लागत होती, मिस्त्री. कडकडून लागत होती आणि तुम्ही ती सोसत होतात. आजाराने नेलं असतं तर भूक लागली नसती. नंतरचं मला सांगता येत नाही. पण हे पहिले चार किलो तुमचे आहेत.”

मिस्त्रींनी वही हातात घेतली. पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, मग बायकोकडे दिलं. तिने वाचलं.

“भांडण तर असं झालं होतं,” ती हळूच म्हणाली, “मी माहेरी निघाले होते.”

“चार,” मिस्त्री म्हणाले. “चारही काही कमी नाहीत.”

तेवढ्यात वॉर्डबॉय चाकाची खुर्ची घेऊन आला. खालच्या मजल्यावर कसलंसं स्कॅन होतं. मिस्त्रींनी उतरताना सिस्टरचा खांदा धरला, आणि तिला जाणवलं की हात अजून तसाच दणकट होता. ती आणि त्यांची बायको खुर्चीच्या दोन बाजूंनी चालू लागल्या. वही बायकोच्या काखेत होती आणि सिस्टरने ती परत मागितली नाही.

लिफ्टमध्ये खुर्चीसकट चौघेही दाटीवाटीने मावले. दार बंद झालं आणि लिफ्ट उतरू लागली तसे मिस्त्री बोलायचे थांबले. मान किंचित तिरकी करून ते ऐकत होते. तळमजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं, आणि वॉर्डबॉयने खुर्ची पुढे ढकलली तेव्हा पुढची चाकं उंबऱ्याला अडली.

“थांब,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी खाली वाकून लिफ्टची फरशी आणि बाहेरची फरशी यांच्यामध्ये दोन बोटं उभी धरून पाहिली. “दोन बोटं खाली थांबतेय. एखाद्या पेशंटचं स्ट्रेचर आपटेल. ऑफिसात सांगून ठेव, ब्रेकचं सेटिंग बघायला हवं.”

वॉर्डबॉय हो म्हणाला.

“नुसतं हो नको. लिहून घे,” मिस्त्री म्हणाले, आणि तो खिशातून कागद काढेपर्यंत त्यांनी लिफ्टचं दार एका हाताने अडवून धरलं.